इटालियन धाटणीच्या बारमध्ये अंडे न खाणाऱ्या आईला नेताना

आपल्या आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त त्यांना पुण्यातल्या एका इटालियन धाटणीच्या बार-रेस्टॉरंटमध्ये न्यायचे आहे, आई अंडेसुद्धा खात नाहीत, बाबा कधीमधी एखादा पेग घेतात, तेव्हा काय मागवावे, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे मिलानमध्ये काढली असून आता माझ्या घरच्या ज्येष्ठांना घेऊन अशा जागी बऱ्याचदा जातो, त्या अनुभवावरून लिहितो.

जे विचारायचे ते टेबल राखून ठेवतानाच फोनवर विचारावे. शनिवारी रात्री नऊच्या गर्दीत वेटरला विचारले, तर तो सवयीने ‘प्युअर व्हेज आहे सर’ एवढेच सांगतो. चीज, अंडे, स्टॉक (भाज्या किंवा मांस-हाडे उकळून काढलेले पाणी) आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनणारा, पदार्थ घट्ट करणारा घटक) या चार गोष्टींची चौकशी पुरते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध साकळवणाऱ्या घटकानेच विरजले जाते आणि पास्तावर किसून घातलेले किंवा पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या पानांच्या चटणीत, वाटलेले चीज पुष्कळदा याच जातीचे असते. आपल्याकडे बनणारी, पाकिटावर हिरवा ठिपका असलेली चीजेही अनेक स्वयंपाकघरांत वापरतात, म्हणून ‘चीज आयात केलेले आहे का?’ असा नेमका प्रश्न करावा.

पास्ताच्या बाबतीत गंमत अशी की, ‘आमच्याकडे ताजा, हाताने केलेला पास्ता मिळतो’ असे जिथे कौतुकाने सांगतात, तिथेच आईंनी जपायला हवे, कारण ताल्यातेले किंवा रॅव्हिओलीसारख्या ताज्या पास्ताच्या पिठात बहुधा अंडे असते. उलट पाकिटातली साधी पेने किंवा स्पघेटी केवळ ड्यूरम गव्हाचा रवा आणि पाणी यांची असते. पिझ्झाच्या नेपल्सकडच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांखेरीज काही नसते. ‘मरिनारा’ या नावावरून त्यात मासे असावेत असे वाटते खरे, पण त्या पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच घालतात, चीजही नसते. अर्थात फोनवर एकदा खात्री करून घ्यावी.

आईंसाठी माझी पहिली पसंती मशरूमच्या रिझोटोला, म्हणजे स्टॉकमध्ये शिजवलेल्या मऊ भाताला, आहे, मात्र स्टॉक भाज्यांचाच हवा आणि वर घालायचे चीज वरीलप्रमाणे विचारून घ्यावे. (मिलानच्या केशरी रिझोटोत परंपरेने मांसाचा स्टॉक आणि हाडातली मज्जा घालतात, ते कुणी सहसा आपण होऊन सांगत नाही.) तांदूळ ढवळत शिजवायला अठरा-वीस मिनिटे लागतात, त्यामुळे पाच मिनिटांत ताटली समोर आली तर भात आधीच अर्धा शिजवून ठेवलेला आहे असे समजावे. माझ्या आईने पहिला घास घेऊन ‘हा तर गुरगुट्या भात, मेतकूट तेवढे राहिले’ असा शेरा मारला आणि मग वाटी पुसून संपवली.

गोडाच्या बाबतीत मात्र कडक राहावे. एका रेस्टॉरंटमध्ये, ज्याचे नाव मी घेत नाही, मेन्यूवर हिरवा ठिपका पाहून माझ्या आत्याने तिरामिसू, म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटे आणि मलईदार चीज यांचे गोड, मागवले. दोन चमचे खाऊन झाल्यावर तिला शंका आली. वाढणारा मुलगा आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, अगदी थोडंसंच अंडं असतं.’ आत्याने चमचा बशीत ठेवला आणि घरी पोहोचेपर्यंत ती बोलली नाही. तिरामिसूत अंड्याखेरीज बऱ्याचदा मद्यही असते, तर पान्ना कोत्ता या साईच्या गोडात जिलेटिन असते. ताज्या फळांचे, दुधाविना गोठवलेले सॉर्बे त्यापेक्षा निर्धोक.

बाबांना व्हिस्की-सोड्याची सवय असेल, तर पहिल्याच घोटाला नेग्रोनी देऊ नये. जिन, कंपारी (कडू लाल मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समप्रमाणात असलेले ते पेय जोरदार तर असतेच, शिवाय नवख्याला काढ्यासारखे कडू लागते. त्यापेक्षा अमेरिकानो द्यावे, त्यात जिनऐवजी सोडा असतो. तीन भाग प्रोसेक्को (फसफसणारी वाइन), दोन भाग आपेरोल (संत्र्याच्या स्वादाचे कडसर मद्य) आणि एक भाग सोडा असलेले स्प्रिट्झ त्याहून सौम्य आणि किंचित गोडसर असते. बरोबर धाकटी भावंडे येणार असतील तर महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची, इतर मद्यांसाठी 25 वर्षांची आहे, हे ध्यानात असू द्यावे. आईंच्या फ्रेश लाइम सोड्यालाही तसाच देखणा ग्लास मागावा. सगळ्यांचे ग्लास सारखे दिसले की त्यांना अवघडल्यासारखे होत नाही.

बिलात सेवाशुल्क लावलेले असेल तर ते ऐच्छिक आहे, नको असल्यास काढायला सांगता येते. टेबल शक्यतो साडेसातचे घ्यावे आणि स्पीकरपासून दूरचे मागावे, कारण बारमधला संगीताचा आवाज रात्र चढेल तसा वाढत जातो आणि मग आईबाबांना एकमेकांशीही ओरडून बोलावे लागते.