ॲडेनोसिन टी पेशींचे ‘दमन’ करते की ‘शमन’?

‘कर्करोगात ॲडेनोसिन टी पेशींचे दमन करते’ असे आपण लिहिले आहे आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताविषयीच्या परिच्छेदातही ‘दमन’ चालेल का, असे विचारले आहे. टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि ॲडेनोसिन म्हणजे त्यांना आवर घालणारा शरीरातीलच एक रेणू. माझ्या मते दोन्हीकडे ‘शमन’ हाच शब्द योजावा.

पेशींना इजा झाली किंवा प्राणवायू अपुरा पडला की त्यांच्यातील एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बाहेर पडतो. पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी३९ आणि सीडी७३ ही विकरे (एन्झाइम) त्यापासून टप्प्याटप्प्याने ॲडेनोसिन तयार करतात, आणि ते टी पेशीवरील ए२ए ग्राहीशी (रिसेप्टरशी) जोडले गेले की पेशीच्या आत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढून तिची आक्रमकता ओसरते. ओहटा आणि सिटकोव्हस्की या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की हा ग्राही नसलेल्या उंदरांत एरवी सौम्य ठरणारा दाहही लांबतो आणि ऊतींची मोठी हानी करतो. म्हणजे शरीर येथे स्वतःचाच दाह आवरते आहे. ‘दमन’ म्हटले की सत्तेच्या बळावर दडपणे डोळ्यांपुढे येते. ‘शमन’ मात्र अग्निशमनापासून आयुर्वेदातील शमनचिकित्सेपर्यंत भडकलेले शांत करण्याशीच बांधलेले आहे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट या औषधाचा गुणही अंशतः ॲडेनोसिन वाढल्यामुळे येतो, असे मानले जाते. तेथे तर हा शब्द चपखल बसतो.

‘शमन’ शुभ वाटते, मग कर्करोगाच्या गाठीच्या बाबतीत ते कसे वापरावे, ही शंका रास्त आहे. प्राणवायूची वानवा असलेल्या गाठीत ॲडेनोसिन साचते, आणि तेथवर पोहोचलेल्या टी पेशी निष्प्रभ होतात. ही हानी खरी; परंतु शब्दाने क्रिया सांगावी, तिचे फळ पुढच्या वाक्यात सांगता येते. ए२ए ग्राही अडवणाऱ्या, कर्करोगासाठी अद्याप चाचण्यांत असलेल्या औषधांना ‘शमनरोधक’ म्हणणे मग सहज सुचते.

‘दमन’ टाकाऊ नाही. मूत्रपिंडरोपणानंतर सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी जे मुद्दाम केले जाते, ते प्रतिकारशक्तीचे दमनच. मात्र ज्यांच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले, त्या इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशींना ‘दमनकारी’ न म्हणता ‘नियामक टी पेशी’ म्हणावे. सीडी३९ त्यांच्याही पृष्ठभागावर असते.

आपल्या मसुद्यातील ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होणारे स्वयंप्रतिकार रोग’ हे शब्द तेवढे अवश्य बदलावेत. या रोगांत प्रतिकारशक्ती क्षीण झालेली नसते, ती स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते.