फ्रीजमधला गॅस खरंच संपतो का?

उन्हाळा लागला की फ्रीजच्या तक्रारींची पत्रं वाढतात. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये गेल्या वर्षी गॅस भरून घेतला. आता मेकॅनिक पुन्हा म्हणतो, गॅस संपला. हा दरवर्षी भरायचा असतो का? (सोलापूर)

नाही. फ्रीजमधला गॅस खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेनं जाणार.

माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, म्हणून आतलं पाणी गार पडतं. फ्रीजमध्ये हेच काम बहुतेक नव्या मॉडेलांत आयसोब्युटेन करतो. मागच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ लिहिलेलं असतं. फरक इतकाच, की माठातली वाफ हवेत जाते, फ्रीजमधली वाफ पकडून पुन्हा वापरतात. द्रवरूप गॅस कॅपिलरी नावाच्या, आतून मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या नळीतून फ्रीझरच्या नळ्यांत सुटतो. तिथे दाब एकदम उतरतो, गॅस उकळतो आणि अन्नातली उष्णता उचलतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, ती तापते आणि बाहेरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते.

घरगुती फ्रीजमध्ये हा गॅस बहुधा पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे दहा ग्रॅमची चूकही जाणवते. शिवाय फ्रीझरच्या नळ्यांतला त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्या बाजूला भोक पडलं की कॉम्प्रेसर चालू असताना बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. तो ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि वाट बंद होते. फ्रीज काही तास छान चालून मग गार करायचा थांबत असेल, आणि रात्रभर बंद ठेवल्यावर पुन्हा नीट चालत असेल, तर हा ओलाव्याचा संशय आधी घ्यावा.

म्हणून मेकॅनिकला विचारा : नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसानं गळती शोधणार का? फिल्टर-ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी छोटी नळी) नवा बसवणार का? व्हॅक्यूम पंप लावून नळ्या पूर्ण कोरड्या करणार का? गॅस काट्यावर वजन करून भरणार का? ‘अंदाजानं भरतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. आणि हा गॅस पेट घेणारा आहे, हे विसरू नका. काम चालू असताना स्वयंपाकघरातली शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या हव्यात.

प्रश्न : नव्या फ्रीजच्या बाजू दुपारी चटका बसेल इतक्या तापतात. बिघाड आहे का? (अकोला)

बहुधा नाही. जुन्या फ्रीजच्या पाठीवर दिसणारी काळी जाळी म्हणजे कंडेन्सर. आता तो बऱ्याच मॉडेलांत बाजूच्या पत्र्याआड असतो. उष्णता जास्त तापलेल्या वस्तूकडूनच कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. अकोल्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघर चाळीस अंशांवर असेल, तर कंडेन्सरला त्याहून बराच गरम व्हावंच लागतं. दोन्ही बाजूंना आणि मागे दहा सेंटिमीटर तरी जागा सोडा, वर कापडी कव्हर घालू नका. बाजू गार, कॉम्प्रेसर मात्र सतत घरघरतोय आणि आत थंडावा नाही, असं असेल तेव्हा काळजी करा.

प्रश्न : फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये वर बर्फ होतो, पण खालचं दूध नासतं. (पनवेल)

या प्रकारात गार करणाऱ्या नळ्या एकाच जागी, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असतात. पंखा तिथली गार हवा फ्रीझरमध्ये आणि एका वाटेनं खाली ढकलतो. ती वाट अडली की वर थंड, खाली कोमट.

आधी साधं ते पाहा. खालच्या कप्प्यात मागच्या झरोक्यांना डबे चिकटून आहेत का? नसतील, तर फ्रीझरचं दार उघडून दाराचं बटण बोटानं दाबून धरा. कॉम्प्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज आला पाहिजे. मग मागचं पॅनेल पाहा. त्यावर पांढरं बर्फ दाटलं असेल तर दोष बहुधा डीफ्रॉस्टमध्ये आहे. ठरावीक तासांनी एक हीटर लागून नळ्यांवरचं बर्फ वितळवतो आणि पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं. हीटर, त्याचा सेन्सर किंवा थर्मल फ्यूज गेला की बर्फ साचत जाऊन पंख्याची वाट बुजते.

खात्री करायची तर फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण २४ तास जाऊ द्या. नंतर आठवडाभर उत्तम चालून पुन्हा तेच झालं, तर डीफ्रॉस्टचाच दोष. यात गॅसचा काही संबंध नाही. गॅस भरायचा सल्ला मिळाला तर थांबा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल, तर निचऱ्याचं भोक तुंबलंय. त्यात कोमट पाणी सोडा. तार घालू नका.

प्रश्न : वीज जाऊन लगेच आली तर फ्रीज बंद करावा का? (रत्नागिरी)

साध्या कॉम्प्रेसरचा असेल तर हो, पाच मिनिटं. तेवढ्यात कॅपिलरीतून कॉम्प्रेसरच्या दोन्हीकडचा दाब सारखा होतो. त्याआधी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. ती अडकते, तापते आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच ‘टक्’ करून वीज तोडतो. इन्व्हर्टर फ्रीजचं (ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो) सर्किट हा वेळ स्वतःच पाळतं.

प्रश्न : थर्मोस्टॅट किती आकड्यावर ठेवावा? (बेळगाव)

थर्मोस्टॅट म्हणजे थंडावा ठरवणारा नॉब; त्यावरचा आकडा म्हणजे अंश नव्हे. मोठा आकडा, जास्त थंड, एवढंच. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश किंवा थोडं कमी दिसलं पाहिजे. सिंगल डोअरमध्ये बर्फ पाच-सहा मिलिमीटर झालं की नॉबमधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीनं खरवडू नका : फ्रीझरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. एक टोचा पुरतो, आणि सोलापूरच्या वाचकांची तक्रार तुमच्या घरी येते.