औषधी मुळ्यांच्या काढ्याने गुडघ्याची सूज उतरते का?

प्रश्न : ताई, कपाशी वेचून वेचून आईचे गुडघे सुजलेत. गल्लीतल्या मावशींनी हळद, सुंठ, जेष्ठमधाचा काढा रोज घ्यायला सांगितलाय. आईला बीपीची गोळी चालू आहे, चालेल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, आधी जेष्ठमध बंद करा, आजच. त्या मुळीत ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं, त्याने सूज कमी होते हे खरं, पण तेच आपल्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन निष्क्रिय करणारं एन्झाइम अडवतं, मग ते हार्मोन जास्त टिकून अंगात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं, म्हणजे गोळी एकीकडे ओढणार न् काढा दुसरीकडे. रोज घेतलं तर पायावर सूज, छातीत धडधड असंही होतं.

हळद-सुंठ खरं तर जमिनीखालचं खोड, पण गुण आहेतच. हळदीतलं कर्क्युमिन सूज वाढवणाऱ्या रसायनांना आवर घालतं, गुडघेदुखीत थोडाफार आराम पडल्याचे अभ्यासही आहेत. अडचण अशी की हळद पावडरीत ते साधारण 3 टक्केच असतं आणि नुसत्या पाण्यातून अंगी फारसं लागत नाही, म्हणून तेलाच्या फोडणीत, मिरपूड टाकून भाजी-वरणात खाल्लेली बरी. रोजच्या जेवणातली हळद चालेल, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि गुडघा गरम, लाल लागत असेल किंवा सोबत ताप असेल तर काढ्यात दिवस घालवू नका, लगेच दाखवा. आईंना काही दिवस वेचणीला पाठवू नका हो.