हाविएर, झेवियर आणि नवे घर

प्रश्न असा आहे: अर्जेंटिनाचे अध्यक्ष मिलेई यांचे पहिले नाव मराठीत कुठे जेवियर, कुठे जाविएर, तर कुठे हाविएर असे छापलेले दिसते. यातले बरोबर कोणते आणि या नावाचा अर्थ काय?

अर्थ आधी घेऊ. नाव स्पॅनिश म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचे मूळ बास्क भाषेत आहे. फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांच्या पश्चिम टोकाला बोलल्या जाणाऱ्या या भाषेचे दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. बास्कमध्ये 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवे. विशेषण नामानंतर येते, म्हणून 'एचेबेरी', नवे घर. त्या भागातल्या जुन्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, बोलींत 'बेरी'चे 'बिएर' झाले, सुरुवातीचा 'ए' गळला आणि 'शाविएर' हे गावाचे नाव उरले. एचेवेरिया हे आडनावही याच मुळाचे. बाळांच्या नावांच्या याद्यांत 'तेजस्वी' असा अर्थ आणि अरबी मूळ दिलेले आढळते, ते मला मुळीच पटत नाही. पिरेनीजच्या पायथ्याशी हाविएर्रेलात्रे, हाविएर्रेगाय अशी गावे आजही आहेत. तिथे अरबी विशेषण शोधायचे कारणच काय?

मग गावाचे नाव माणसाला कसे लागले? उत्तर स्पेनमधल्या नवारा प्रांतातल्या या गावच्या गढीत १५०६ साली संत फ्रान्सिस झेवियर जन्मले. फ्रान्सिस्को दे हाविएर, म्हणजे हाविएर गावचे फ्रान्सिस्को. १५४२ मध्ये ते गोव्यात आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या भक्तीने लोक मुलांना 'फ्रान्सिस्को हाविएर' असे जोडनाव ठेवू लागले. पुढे नुसते 'हाविएर'ही चालू लागले.

उच्चाराची गोष्ट मला सर्वांत गोड वाटते. संतांच्या काळी स्पेनमध्ये या नावाचा पहिला वर्ण 'श' होता आणि तो एक्स अक्षराने लिहीत. सतराव्या शतकापर्यंत स्पॅनिशमधला तो 'श' घशात सरकून 'ख'सारखा झाला. १८१५ च्या लेखनसुधारणेत अशा एक्सच्या जागी 'जे' (J) हे अक्षर आले. पोर्तुगीजने मात्र 'श' सोडला नाही. म्हणून गोव्यात पोर्तुगीज वळणाने कोणी 'शाव्हिएर' म्हणते, तेव्हा तो उच्चार आजच्या माद्रिदपेक्षा 'गोंयच्या सायबा'च्या, म्हणजे संत झेवियर यांच्या, स्वतःच्या उच्चाराला जवळचा असतो. 'झेवियर' हे इंग्रजी वाचन. मुंबईच्या कॉलेजमुळे ते आपल्याकडे पक्के झाले.

तेव्हा मिलेईंसाठी 'हाविएर' लिहावे. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो घशातला 'ख' सौम्य होऊन 'ह'कडे झुकतो आणि देवनागरीत 'ह'च वाचायला सोपा. स्पेनमधल्या माणसासाठी 'खाविएर'ही चालेल. संतांचे रुळलेले 'झेवियर' बदलू नये. 'जेवियर' मात्र यातल्या कुठल्याच भाषेतले नाही.