नवरा ४ वर्षं दुबईला होता. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाला पुण्याचं पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पोलिस प्रमाणपत्र) पुरेल का?

नाही, दुबईचंही लागेल. वयाच्या १६ नंतर ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात, तिथलं पोलिस प्रमाणपत्र मागतात. भारतीय नागरिकाला भारतात ६ महिन्यांहून जास्त राहिल्यास इथलं लागतंच. दुबईच्या कामाला आधी हात घाला, कारण तो खरा वेळखाऊ भाग. जुना एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) आणि व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट शोधून ठेवा.

भारतातलं पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा, फी ५०० रुपये. नोकरीसाठी आयुक्तालयातून काढतात तो चारित्र्य दाखला वेगळा, तो इथे कामाचा नाही. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, चौकीतून फोन येतो. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जाताना मूळ प्रती न्या.