परक्या संस्कृतींतील संगीत, खाणे, विनोद आणि चित्रपट यांपैकी तुम्ही काय सुचवाल?

चारांपैकी पहिला मान मी खाण्याला देईन. इथिओपियाचा इंजेरा हा टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून केला जातो आणि तो एकाच बाजूने भाजला जात असल्यामुळे वरच्या अंगाला असंख्य डोळे पडतात. आंबोळी खाणाऱ्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. त्यावर वाढलेला ‘शिरो’ म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचे, बर्बेरे मसाल्याने लाल झालेले कालवण, थोडक्यात आपल्या पिठल्याचा आफ्रिकेतला भाऊ. इंजेराच्या तुकड्यानेच तो उचलून खायचा असतो, त्यामुळे चमचा मागू नये.

चित्रपटांत इराणी दिग्दर्शक माजिद मजिदी यांचा १९९७ सालचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पाहावा. हरवलेल्या बुटांची गोष्ट घरी कळू नये म्हणून बहीण-भाऊ एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. बहिणीच्या पायाला सैल होणारा बूट गटारात पडून वाहत जातो, तेव्हा तिच्यामागे आपणही धावू लागतो. शेवटच्या शर्यतीबद्दल मी मुद्दामच काही सांगत नाही.

संगीतात केप व्हर्दे या पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांच्या देशातील गायिका सेझारिया एव्होरा यांनी गायलेली ‘मोर्ना’ ही तिथली संथ, हुरहूर लावणारी गाणी रात्री, दिवे मालवून ऐकावीत. भाषा कळली नाही तरी विरह कळतो. विनोदासाठी फ्रान्सचे चित्रपट-विनोदवीर जाक ताती पुरेत, कारण त्यांनी रंगवलेले मस्यू युलो हे पात्र जवळपास काही न बोलताच हसवते.