सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या कामासाठी टूल बॅग कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन सोसायट्यांची नळाची आणि लाइटची किरकोळ कामं बघता, स्कूटरवरून फिरता, आणि ऑनलाइन दिसलेली भरपूर खिशांची बॅग घ्यावी का असा प्रश्न आहे. मीही हेच काम करतो. माझं मत सरळ आहे: खिसे मोजू नका, तळ, तोंड आणि पट्टा बघा.

आधी घरी पेपर पसरून फक्त रोज लागणारी हत्यारं मांडा. पक्कड, नोज प्लायर, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, स्क्रू पाना, पाईप पाना, हातोडी, मेजर टेप, टेफ्लॉन टेप. यात सगळ्यात लांब बहुधा पाईप पानाच निघेल. तो १४ इंची असेल तर १४ इंची बॅगेत तिरका बसतो आणि चेन कोपऱ्यात ताणली जाते. १६ इंची घ्या, पण त्याहून मोठी नको. जागा दिसली की ‘असू दे, लागेल’ म्हणत सामान वाढतं आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी त्याचा भार खांद्याला कळतो. ड्रिल मशीन त्याच्या पेटीतच राहू दे.

आता तळ. आपण बॅग कुठे ठेवतो? बाथरूमच्या ओल्या फरशीवर, पंपरूममध्ये, गच्चीवर टाकीजवळ. नुसत्या कापडाचा तळ पाणी शोषतो आणि एका पावसाळ्यात पान्ह्यांवर गंज चढतो. म्हणून तळ रबराचा किंवा साच्यातल्या जाड प्लास्टिकचा हवा. त्याने बॅग आपली आपण उभीही राहते. कापडावर ६०० किंवा १६८० डेनियर असं लिहिलेलं असतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला १६८० वालं घ्या, थोडी महाग पडली तरी.

तोंडाला आत लोखंडी पट्टीची चौकट असलेली बॅग मला सगळ्यात आवडते. उघडली की उघडीच राहते, आणि सिंकखाली आडवं पडून एका हाताने पाना काढता येतो. वरून चेन मात्र हवीच, कारण पावसात स्कूटरच्या फूटबोर्डवर उघडी बॅग चालणार नाही.

बॅगा सगळ्यात आधी फाटतात त्या पट्ट्यापाशी. दुकानात बॅग उलटी करून बघा: हँडलची पट्टी फक्त वरच्या काठाला शिवलीय की बाजूने खाली जाऊन तळाखालून फिरवलीय? तळाखालून फिरवलेलीच घ्या. शिवण दुहेरी आणि चौकोनात फुली मारलेली हवी. खांद्याच्या पट्ट्याचे हुक धातूचे हवेत, प्लास्टिकचे वजनाने उघडतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण ती जिवाशी येते. लाइटची आणि नळाची हत्यारं एकत्र कोंबू नका. हॅकसॉ ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, सुटं पडलं की पकडीच्या मुठीचं इन्सुलेशन चिरतं. चीर बारीक असते, पटकन दिसत नाही, आणि तीच पक्कड तुम्ही चालू लाइनवर धरता. ब्लेड आणि छिन्नी जाड कव्हरमध्ये ठेवा. टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर एका बाजूच्या कोरड्या कप्प्यात. ओले वायसर, जुने नळ प्लास्टिकच्या डब्यात. म्हणजे मधे एक मोठा कप्पा आणि दोन्ही बाजूंना खिशांची एकेक रांग, एवढं पुरतं.

शिडीवर चढताना बॅग खांद्यावर नको. त्यासाठी कमरेचा छोटा पाऊच वेगळा घ्या, चार हत्यारांपुरता.

बॅग घ्यायला पुण्यात असाल तर बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, दोन्ही हत्यारांचे बाजार. जाताना पाईप पाना, हातोडी आणि पक्कड सोबत न्या, बॅगेत टाका, खांद्याला लावून दुकानातच जरा फिरा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.